रस्त्याचे राखणदार

गुहागर ते विजापूर हा राष्ट्रीय महामार्ग १६६-ई नकाशावर पाहिला, तर नुसती एक रेघ दिसते. प्रत्यक्षात ती रेघ चार-पाच वेगळ्या दुनियांतून जाते. सुरुवात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात होते. चिपळूण मागे टाकून कुंभार्ली घाट चढला की कोयनानगर, तिथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने हादरलेलं पाटणचं खोरं. मग कराड, कृष्णा-कोयनेचा संगम, खोल काळी माती आणि नजर पोचेल तिथवर ऊस. विटा, नागज मागे पडले की रान उघडं होत जातं, आणि जतला पोचेपर्यंत पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरवर उतरलेला असतो. दोनशेएक किलोमीटरांत पावसाचा नव्वद टक्के हिस्सा गायब! थोडं पुढे गेलं की राज्यही बदलतं.

इतक्या निरनिराळ्या हवामानांत एकच रस्ता टिकतो कसा, आणि त्याला टिकवतं कोण? एरवी आपण रस्त्याकडे पाहतो ते खड्डा लागला की. पण या प्रश्नाच्या मागे लागलं, तर चाकाखालचा रस्ता भलताच नवलाचा निघतो.

घट्ट दिसणारा द्रव

पहिलं नवल डांबराचं. हातोडी मारली तर त्याचा टवका उडतो, म्हणून आपण त्याला घट्ट पदार्थ समजतो. खरं तर तो कमालीच्या सावकाश वाहणारा द्रव आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी डांबराच्याच जातीचा काळा पदार्थ नरसाळ्यात भरला, आणि तीन वर्षं तो बसू देऊन नरसाळ्याचं टोक कापलं. तेव्हापासून आजवर त्यातून जेमतेम नऊ थेंब पडले आहेत.

रस्त्याला हा दुहेरी स्वभाव हवाच असतो. चाकाखाली क्षणभर दबायचं आणि चाक पुढे गेलं की पुन्हा वर यायचं, हे दगडाला जमत नाही, डांबराला जमतं. मात्र जतच्या वैशाखात हवा चाळिशीला टेकते तेव्हा रस्त्याचा काळा पृष्ठभाग साठ अंशांच्या घरात जातो. मऊ डांबर असेल तर तिथे चाकोऱ्या पडतात. म्हणून डांबराच्या प्रती ठरलेल्या आहेत: व्हीजी-१०, २०, ३०, ४०. आकडा चढेल तसं डांबर अधिक दाट.

डांबराला वयही असतं. ऊन आणि हवेतला प्राणवायू त्याचा चिकटपणा वर्षानुवर्षं खात राहतात. तुकतुकीत काळा रस्ता करडा पडतो, ताठर होतो, आणि एका हिवाळ्यात त्यावर केसाएवढी भेग उमटते. गाडीवाल्याच्या ती लक्षातही येत नाही. अभियंत्याने मात्र हीच वेळ साधायची असते. भेग भरून वर पातळ सील कोट दिला, किंवा सहा-आठ मिलिमीटरचं मायक्रोसरफेसिंग केलं, की खालचा रस्ता पुन्हा काही वर्षं सुखात राहतो. लोणच्याच्या बरणीत वरून तेल ओतावं तसाच हा प्रकार: थर पातळ, पण त्याच्या खाली हवा-पाणी पोचत नाही.

आपल्या मुलखाचं एक भाग्य म्हणजे इथला काळा पाषाण. ग्रॅनाइटसारख्या आम्लधर्मी खडकापेक्षा बेसाल्टला डांबर जास्त चांगलं धरतं. सह्याद्रीपासून विजापूरपर्यंत ही खडी जागोजागी मिळते.

जतला हवं ते रस्त्याला नको

जत तालुक्याचं अवघं राजकारण पाण्याभोवती फिरतं. म्हैसाळ योजनेचं पाणी पूर्व भागात येत नाही म्हणून सीमेवरच्या गावांनी २०१२ मध्ये कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता, आणि २०२२ च्या अखेरीस तोच विषय दोन्ही राज्यांत पुन्हा पेटला. ज्या पाण्यासाठी माणसं राज्य बदलायला निघाली, त्याच पाण्याचा रस्त्याला मात्र धसका असतो.

पाणी रस्ता कसा फोडतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. पावसाचं पाणी भेगेतून आत शिरतं. वरून ट्रकचं चाक येतं आणि ते पाणी दाबाखाली खडीच्या फटींत घुसतं. चाक पुढे सरकताच तेच पाणी उसळून वर येतं आणि सोबत बारीक माती घेऊन येतं. दर चाकाला एकेक चिमूट माती बाहेर, असं दिवसभर चालतं. डांबर खडी सोडतं, खाली पोकळी होते आणि एका सकाळी तिथे खड्डा दिसतो. आपल्याला वाटतं खड्डा काल रात्री पडला. त्याची तयारी दोन पावसाळे चाललेली असते.

म्हणूनच रस्ता कधी सपाट नसतो; मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना किंचित उतरता असतो. पाण्याने डांबरावरून साइडपट्टीवर आणि तिथून गटारात जायचं. साइडपट्टीवर गवत माजलं, किंवा मुरूम साचून ती डांबरापेक्षा उंच झाली, की पाणी डांबराच्या कडेलाच तुंबतं आणि रस्ता कडेकडून कुरतडला जातो. गवत काढणं, मुरूम सारखा करणं ही कामं वरवर माळीकामासारखी वाटतात. रस्त्याचं आयुष्य त्यांच्यावरच ठरतं.

जतला पाऊस कमी, मग तिथे रस्ता सुखरूप राहावा असं वाटेल. पण इथला पाऊस वर्षभराचं येणं चार दांडग्या सरींत चुकवतो, तेही बऱ्याचदा परतीच्या वेळी, सप्टेंबर-ऑक्टोबरात. आठ महिने कोरडा असलेला ओढा तासाभरात फरशी पुलावरून वाहू लागतो. शिवाय शेताला आणि गावाला पाणी न्यायचं तर पाइपलाइन रस्ता ओलांडणारच. त्यासाठी आडवी चर मारली जाते, पाइप टाकला जातो, वर माती लोटली जाते. ती माती रोलरखाली नीट दाबली नाही, तर पहिल्या पावसात तिथे रस्ता खचतो. २०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झाल्यावर गावोगाव नळ आले, ही मोठी गोष्ट झाली. गावोगाव अशा चरीही वाढल्या. पाणी आणणारं खातं आणि रस्ता राखणारं खातं खोदाईच्या आधी एकमेकांशी बोललं, तर एकाच्या कामावर दुसऱ्याचं पाणी पडत नाही.

कराड-कडेगावच्या काळ्या मातीची तऱ्हा आणखी निराळी. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते. रस्ता तिच्यावर बसलेला असला की तोही दरवर्षी खालीवर होतो. जतच्या मुरमाड जमिनीला हा रोग बराच कमी.

सोळापटीचा हिशेब

पाण्यानंतरचा शत्रू म्हणजे वजन. इथे गणिताने एक चमत्कार दाखवून ठेवला आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, ओटावा गावाजवळ, फक्त मोडण्यासाठी बांधलेल्या रस्त्यांची चाचणी झाली. त्यांवर सैनिकांनी दोन वर्षं ठरावीक वजनाचे ट्रक गोल गोल फिरवले. अ‍ॅक्सलच्या अकरा लाखांहून जास्त फेऱ्या मोजल्यावर निष्कर्ष निघाला: अ‍ॅक्सलवरचं वजन दुप्पट केलं, तर रस्त्याची इजा दुप्पट होत नाही, ढोबळमानाने सोळापट होते. वजनाचा चौथा घात!

हा हिशेब आपल्याकडे लावून पाहू. मोटारीच्या एका अ‍ॅक्सलवर अर्धा टन आणि ट्रकच्या अ‍ॅक्सलवर आठ टन धरले, तर वजनात फरक सोळापटीचा, पण इजेत पासष्ट हजारपटीहून जास्त. म्हणजे आपली स्कूटर आणि मोटार रस्त्याच्या खिजगणतीतही नसतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालट्रकच्या चार टायरवाल्या एका अ‍ॅक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वजन वाढलं तेरा टक्क्यांच्या आत. चौथ्या घाताने मोजलं तर एका फेरीची इजा वाढली साठ टक्क्यांच्या आसपास. अर्थात तेवढाच माल कमी फेऱ्यांत जातो, हेही जमेला धरायला हवं.

सातारा-सांगलीकरांना याचा अनुभव पुस्तकाविना आहे. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर उसाच्या मोळ्या घेऊन रात्रंदिवस कारखान्याकडे निघतात. त्यांची वाट बहुतेक वेळा शेतापासूनच्या ग्रामीण रस्त्यावरून असते, आणि तो रस्ता या वजनासाठी बांधलेला नसतो. महामार्ग जे ओझं सहज पेलतो, त्याच ओझ्याने गावरस्ता एका हंगामात पिळून निघतो. पूर्वी लोखंडी धावेच्या बैलगाड्या खडीचा रस्ता कापून काढत. टायरगाड्या आल्या तेव्हा बैलांइतकंच रस्त्यालाही हायसं वाटलं असेल.

मोऱ्यांचा देश

रस्त्यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे पूल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन बस प्रवाशांसह नदीत गेल्या. त्या वेळेपर्यंत आपल्या महामार्गांवर एकूण पूल किती, त्यांची वयं काय, प्रकृती काय, याची देशभराची एकत्र यादी नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. प्रत्येक पुलाला स्वतंत्र ओळख क्रमांक, अक्षांश-रेखांश आणि शून्य ते नऊ अशी अवस्थेची श्रेणी देण्यात आली.

त्या मोजणीतला आकडा थक्क करतो. नोंद झाली १,७२,५१७ बांधकामांची. त्यांत अतिलांब पूल १,८३५, मोठे पूल ३,६४७, लहान पूल ३२,८०६. आणि उरलेल्या १,३४,२२९ निव्वळ मोऱ्या! पूल म्हटलं की आपल्याला नदीवरच्या उंच कमानी आठवतात, पण दर शंभरातल्या सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर जागी रस्ता पाणी ओलांडतो ते मोरीवरून. मोरीत गाळ, प्लॅस्टिक, बाभळीच्या फांद्या अडकल्या की पाणी वर चढतं, भराव भिजतो, आणि पक्का रस्ता कच्च्या मातीसारखा वाहून जातो. जतसारख्या ओढ्यांच्या मुलखात मोरीचं तोंड मोकळं असणं म्हणजे अर्धी लढाई जिंकणं.

मोठ्या पुलाचं राखणं निराळं. उन्हाने पूल लांबतो, थंडीने आखडतो. त्यासाठी मधे सांधे ठेवलेले असतात आणि गाळ्याखाली बेअरिंग. सांध्यात खडी-माती अडकली तर पुलाला हलायला जागा उरत नाही आणि भेग भलतीकडेच पडते. कठड्याखालच्या पाण्याच्या नळ्या तुंबल्या तर पाणी सळईपर्यंत पोचतं. कोकणाच्या टोकाला तर हवेतलं मीठही त्याच सळईच्या मागे लागलेलं असतं. जुन्या दगडी पुलाला पिंपळाचा धोका. पक्ष्याने टाकलेलं मोहरीएवढं बी दर्जेत रुजतं, मुळं चुना फोडत आत जातात आणि काही वर्षांत चिरे हलतात. झाड पिंपळाचं, त्यामुळे हात लावायला माणसं कचरतात. खरं तर दोन पानांचं असतानाच ते काढणं सोपं असतं. नदीतला घाव मात्र डोळ्यांआड होतो: पूर खांबाच्या पायाशी भोवरे करून वाळू खरवडतो आणि ओसरताना खड्डा गाळाने झाकून जातो. म्हणून पुलांची तपासणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा करायची असते.

पूल उलट नदीवरही पहारा करू शकतो. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये तत्कालीन व्हाइसरॉयच्या हस्ते खुला झाला. आज पावसाळ्यात अख्खा जिल्हा त्याच्या खुणांकडे डोळे लावून असतो: चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. तेव्हापासून पुराच्या दिवसांत कोयनेचा विसर्ग, आयर्विनची पातळी आणि कर्नाटकातल्या अलमट्टीचा विसर्ग हे तीन आकडे इथली माणसं एका दमात विचारतात. दोन राज्यांच्या पाटबंधारे खात्यांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय निभाव लागत नाही, हे नदीने शिकवलं. रस्ताही तेच सांगत असतो, पण हळू आवाजात.

हद्द कुठे संपते

शंभर वर्षांपूर्वी कोणी कराडहून विजापूरला निघाला असता तर त्याला किती राज्यांतून जावं लागलं असतं? ब्रिटिशांचा सातारा जिल्हा, औंध आणि सांगली-मिरजेच्या संस्थानांचे मधले तुकडे, डफळ्यांचं जत संस्थान, आणि मग ब्रिटिशांचाच विजापूर जिल्हा. रस्ता एक, तिजोऱ्या अनेक. १९४८ मध्ये जत मुंबई राज्यात विलीन झालं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. दरम्यान १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विजापूर म्हैसूर राज्यात गेलं. तोवर एकाच मुंबई राज्यात असलेल्या जत-विजापूर रस्त्यावर आंतरराज्य सीमा उमटली.

रस्ता एकट्या-दुकट्याने राखायची गोष्ट नाही, हे ओळखणाऱ्यांत एक मराठी माणूस आघाडीवर होता. पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयामुळे बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांचं नाव आपल्याला माहीत असतं. तेच जयकर १९२७ मध्ये नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते. प्रांत आणि स्थानिक मंडळं यांच्या ऐपतीबाहेर रस्त्यांचा प्रश्न गेला आहे, तेव्हा तो साऱ्या देशाने उचलावा, आणि जो पेट्रोल जाळतो त्याने रस्त्यासाठी चार पैसे द्यावेत, असा त्यांच्या अहवालाचा रोख होता. १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. समितीच्याच विचारातून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस जन्माला आली. निरनिराळ्या प्रांतांच्या अभियंत्यांनी आपले अनुभव एकत्र मांडायचं ते व्यासपीठ. १९४३ मध्ये हेच अभियंते नागपुरात जमले आणि देशाचे रस्ते त्यांनी पायऱ्यांत लावले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड त्या नागपूर योजनेची.

त्या उतरंडीवर आजचे राखणदार ठरतात. महामार्गाला पैसा केंद्राचा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. त्याखालचे रस्ते जिल्हा परिषदेकडे, गावातले ग्रामपंचायतीकडे, जत शहरातले नगरपरिषदेकडे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतल्या रस्त्याची पहिली पाच वर्षं बांधणाऱ्या ठेकेदाराकडे. गावाबाहेरच्या पाटीवर देखभालीची रक्कम वर्षवार लिहिलेली असते, थांबून वाचावी. यातला एक राखणदार मात्र दिसेनासा होत चालला आहे: मैलकुली. ठरावीक लांबीचा रस्ता त्याचा. घमेलं-फावडं घेऊन तो रोज तेवढाच तुकडा चालायचा, खड्डा वाटीएवढा असतानाच बुजवायचा, मोरीत अडकलेली फांदी ओढून काढायचा. आता बहुतेक काम ठेक्याने होतं, आणि ठेका निघेपर्यंत वाटीचं घमेलं झालेलं असतं.

माती सीमा मानत नाही

राखणदार हद्दीहद्दींत वाटले गेले की एकाचा अनुभव दुसऱ्यापर्यंत पोचत नाही; अमेरिकेत राज्यांच्या महामार्ग खात्यांनी यावर एक मार्ग काढला आहे. रस्ते जपण्यासाठी तिथे चार प्रादेशिक भागीदाऱ्या आहेत: मध्य-पश्चिम, ईशान्य, आग्नेय आणि रॉकी पर्वताकडचा पश्चिम भाग. पुलांसाठीही तशाच. हवामान आणि जमीन मिळतीजुळती असलेली राज्यं एकत्र बसतात, ठेकेदार आणि संशोधकांना सोबत घेतात, आणि कोणता सील कुठे किती टिकला, कोणता सांधा लवकर फाटला, याचा रोखठोक हिशेब एकमेकांना सांगतात. एकाने केलेली चूक दुसऱ्याने पुन्हा पैसे मोजून करू नये, एवढा साधा हेतू.

हाच विचार जतला लावला की नकाशा निराळा दिसू लागतो. कागदावर जतचे भाऊबंद मिरज, पलूस, वाळवा. पण कृष्णाकाठच्या काळ्या मातीचं आणि पुराचं दुखणं जतला नाही. जतचे खरे सोबती आटपाडी, सांगोला, माण आणि सीमेपलीकडचे अथणी, इंडी. तेच ऊन, तसेच कोरडे ओढे, तोच अवचित कोसळणारा पाऊस. डाळिंबाच्या गाड्या आणि बेदाण्याचे बॉक्स त्याच रस्त्यांवरून धावतात, गुड्डापूरच्या दानम्मादेवीला कन्नड आणि मराठी भाविक त्याच रस्त्यांनी येतात. मग अथणीत कोणतं डांबर चार उन्हाळे तगलं, ते जतच्या अभियंत्याला कळायला हवं. आणि जतच्या ओढ्यावर कोणती मोरी अपुरी पडली, ते इंडीच्या अभियंत्याला. पाच जिल्हे आणि दोन राज्यं यांच्यामधल्या या देवघेवीला सिमेंट-खडी लागत नाही. वर्षातून दोनदा एका टेबलाभोवती बसणं आणि वह्या उघड्या करणं, एवढाच तिचा खर्च.

अडचण एकच. राखण्याचं काम दिसत नाही. रस्त्याच्या प्रकृतीचा आलेख बराच काळ हळूहळू उतरतो आणि एका टप्प्यानंतर कड्यावरून कोसळल्यासारखा खाली येतो. कड्याच्या अलीकडे पातळ थरावर काम भागतं. पलीकडे गेलं की रस्ता पायापासून उकरावा लागतो आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. पण चांगल्या दिसणाऱ्या रस्त्यावर पैसे घालायचे म्हटलं की लोक ओरडतात, "तिकडे खड्डे पडलेत आणि इथे कसली उधळपट्टी?" उकरलेल्या रस्त्याचं भूमिपूजन होतं, नारळ फुटतो, कोनशिला बसते. भरलेल्या भेगेची कोनशिला नसते.

म्हणून ही मागणी रस्त्याच्या काठावरच्या माणसांनीच करायला हवी. नव्या रस्त्याची निवेदनं प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरात ढिगाने असतील. यंदा मृग निघण्याआधी एक निवेदन वेगळं द्यावं: आमच्या ओढ्याच्या मोरीतला गाळ काढा, साइडपट्टी सारखी करा, आणि पुलाच्या दर्जेतलं ते पिंपळाचं रोप लहान आहे तोवर हलवून शाळेच्या आवारात लावा. बांधकाम खात्याला इतकं स्वस्त निवेदन क्वचितच मिळालं असेल.